आबांची भाषा

बी.ए.ला मी पोर्तुगीज घेतलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "१९६१ साली त्यांना घालवलं, तू परत घरात आणतोस?" मग बोलणंच बंद. पगार, चावी, बटाटा हे आपले शब्द मूळचे पोर्तुगीज, हे वर्गात कळलं. पण घरी सांगणार कुणाला?

पुढे वाटणीचा प्रश्न आला. जुनं खरेदीखत पोर्तुगीजमध्ये. 'प्रेदिउ' म्हणजे इमारत, असं मी वाचून दाखवलं. सोप्यावरून आबांचा आवाज आला, "पुढे 'रुश्तिकु' आहे ना? मग इमारत नव्हे, कुळागराची जमीन."

मी बघतच राहिलो. लहानपणी शाळेत शिकलेली भाषा त्यांनी इतकी वर्षं कुलूपबंद ठेवली होती. कुळागर राहिलं. शिवाय त्या संध्याकाळी आबा माझ्याशी पुन्हा बोलू लागले.