अपघाताचा अहवाल कोणाच्या मालकीचा?

४ नोव्हेंबर २०२५ रोजी गेवरा रोडहून बिलासपूरला येणारी मेमू लोकल लालखदानजवळ उभ्या मालगाडीवर मागून आदळली आणि किमान ११ माणसं गेली. मेमूचा चालकही त्यातच गेला. भिलाई ज्या रेल्वे झोनमध्ये येते त्याचं मुख्यालयच बिलासपूर, त्यामुळे इथे ही बातमी लांबची म्हणून कोणी वाचली नाही. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतले मुद्दे वर्तमानपत्रांतून झिरपू लागले. चालक मानसशास्त्रीय चाचणीत उत्तीर्ण झालेला नव्हता, तरी त्याच्या हाती गाडी दिली गेली, असं छापून आलं. गेलेल्या माणसावर खापर फोडून मोकळं होण्याची ही गोष्ट नाही. त्याला ड्युटी कोणी लावली, कोणत्या नियमाखाली लावली, आणि असे आणखी किती चालक आज गाड्या नेत आहेत, हे खरे प्रश्न आहेत. मला खुपतं ते हे, की एवढी गंभीर बाब मला आणि मी निवडून दिलेल्या खासदाराला एकाच वेळी, एकाच वर्तमानपत्रातून कळावी. १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं दहावं कलम मुख्य रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा वार्षिक अहवाल संसदेच्या पटलावर ठेवायला सांगतं. एकेका अपघाताचा सविस्तर अहवाल ठेवलाच पाहिजे, असं मात्र सांगत नाही. सगळी अडचण या एका फटीत आहे.

ही फट बुजवण्याची अर्धी वाट आपल्याच विधिमंडळाने पूर्वी चालून दाखवली आहे, आणि तो इतिहास वाचून मी अजून थक्क होतो. १९३७ मध्ये पाटण्याजवळ बिहटा इथे मोठा अपघात झाला. त्यानंतर पॅसिफिक जातीच्या इंजिनांची तपासणी करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष कर्नल माउंट हे ब्रिटनच्या रेल्वे तपासणी खात्याचे प्रमुख होते. काम इंजिनांचं, पण समितीची नजर दुसऱ्याच गोष्टीवर गेली: गाड्या चालवतं रेल्वे बोर्ड, आणि अपघात झाला की चौकशी करणारा निरीक्षकही त्याच बोर्डाच्या हाताखाली. १९४० मध्ये केंद्रीय विधिमंडळाने चौकशी करणारा बोर्डापासून वेगळा असावा हे तत्त्व मान्य केलं आणि निरीक्षक रेल्वे बोर्डाखेरीज सरकारच्या दुसऱ्या कोणत्या तरी अंगाकडे द्यावेत, अशी शिफारस केली. मे १९४१ मध्ये ते टपाल व हवाई खात्याकडे गेले. आजही रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, तो त्यामुळेच. विचार करा, परकी राजवट, महायुद्ध सुरू, सभागृहाला अधिकार तुटपुंजे, मतदार मूठभर. तरीही त्या सभासदांनी केवळ हळहळ व्यक्त केली नाही, चौकशी कोणी करावी या मुळाला हात घातला. पुढचं पाऊल सोपं होतं: चौकशी वेगळी झाली, आता तिचा अहवाल सभागृहाकडे यावा. स्वतंत्र भारताच्या संसदेने ते अजून उचललेलं नाही. अपघात झाला की सभागृहात शोक व्यक्त होतो, राजीनाम्याची मागणी होते, गोंधळात कामकाज तहकूब होतं, आणि अहवाल यायच्या वेळेला अधिवेशन संपलेलं असतं.

आयोग वेगळ्या मंत्रालयात आहे, मग आणखी काय हवं, असं कोणी विचारेल. पण आयोगाचे अधिकारी बहुतेक रेल्वेच्याच सेवांमधून येतात, त्यांच्या शिफारशी रेल्वेवर बंधनकारक नसतात, आणि त्या मानायच्या की नाही हे अखेर रेल्वे बोर्डच ठरवतं. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये नेमकं इथे बोट ठेवलं. रूळ ओलांडताना दर वर्षी सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यांतली ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, हे त्याच अहवालाने देशाला सांगितलं. समितीने दोन मोठ्या गोष्टी मागितल्या: पाच वर्षांत एक लाख कोटींच्या घरात खर्च, आणि कायद्याने स्थापलेलं स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण. २०१७ च्या अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष आला. प्राधिकरण आलं नाही. पैसा दिला की घोषणा करता येते. प्राधिकरण दिलं की जाब द्यावा लागतो. या कोषातला काही पैसा पाय दाबायची यंत्रं आणि क्रोकरी घेण्यावर गेला, हे कॅगच्या २०२२ च्या अहवालात आहे. गाड्या रुळांवरून घसरल्याच्या १,१२९ चौकशी अहवालांची छाननी करून कॅगने हेही नोंदवलं, की ६३ टक्के प्रकरणांत अहवाल ठरलेल्या मुदतीत सादरच झाले नव्हते. कॅगचा अहवाल पटलावर येतो, म्हणून आपल्याला हे ठाऊक. कोष आला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला. १९२४ पासून वर्षातून एकदा तरी सभागृह रेल्वेवर सलग बोलत असे, तो दिवसही गेला.

भिलाईच्या माणसाला हे जास्त लागतं, त्याला कारण आहे. इथे १९६० पासून रूळ बनतात आणि प्रत्येक रूळ आपली ओळख अंगावर घेऊन बाहेर पडतो. मधल्या उभ्या भागावर कारखान्याचं नाव, छेदाचा प्रकार, पोलादाचा दर्जा, महिना आणि वर्ष उठवलेलं असतं, शिवाय हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक. उद्या तो रूळ कुठे तडकला तर तो कोणत्या हीटमधला, त्या हीटमध्ये हायड्रोजन किती होता, इथपर्यंत मागे जाता येतं. हायड्रोजन दशलक्षात १.६ भागांच्या आत ठेवावा लागतो, कारण तो पोलादात अडकला की आतल्या आत बारीक तडे जातात आणि वरून काही दिसत नाही. अल्ट्रासॉनिक चाचणी वेगळी, राइट्स या सरकारी कंपनीच्या निरीक्षकांची तपासणी वेगळी. पोलादाला जे लागू आहे, ते त्यावरून गाडी सोडण्याच्या निर्णयाला लागू का नसावं?

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला असा, की अपघात कमी झाले आहेत. झाले आहेत, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. रेल्वेच्या आकड्यांप्रमाणे २०१४-१५ मध्ये १३५ गंभीर अपघात होते, ते २०२४-२५ मध्ये ३१ वर आले. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं २०१९ पर्यंत संपली, हे मोठं काम झालं. पण त्याच काळात, २ जून २०२३ रोजी, बालासोरला जवळपास ३०० माणसं मेली. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अहवाल उघड होणार म्हटल्यावर कर्मचारी खरं बोलणार नाहीत. विमान वाहतुकीत ही अडचण सोडवलेली आहे. दोष ठरवणं हा चौकशीचा हेतू नाही असं नियमातच लिहिलं, आणि अहवाल खुला ठेवला. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या दुर्घटनेचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात जगासमोर होता. त्यावर वाद झालेच, पण सगळे एकच कागद हातात धरून भांडत होते. ब्रिटनमध्ये २००५ पासून रेल्वे अपघातांसाठी स्वतंत्र चौकशी शाखा आहे आणि ती आपले अहवाल प्रसिद्ध करते.

तिसरा आक्षेप, खासदारांना तांत्रिक बाबी काय कळतात? वर मी संसदेवर चिडून लिहिलं आहे. पण इथे मला खासदारांची बाजू घ्यावी लागते. बालासोरचं अधिकृत कारण देशाला कळलं ते जुलै २०२३ मध्ये, राज्यसभेत सदस्यांनी प्रश्न विचारला म्हणून. सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेले बदल आणि फाटक क्रमांक ९४ वरचं काम यांत चुका झाल्या, असं लेखी उत्तर रेल्वेमंत्र्यांना द्यावं लागलं. मात्र १६ मे २०२२ रोजी त्याच खरगपूर विभागात बांकरानयाबाजला चुकीच्या वायरिंगमुळे तसाच प्रकार घडला होता आणि तेव्हा त्यातून धडा घेतला गेला नाही, हे बाहेर आलं ते वर्तमानपत्रांच्या हाती लागलेल्या अहवालातून. २०२२ च्या त्या प्रकाराचा अहवाल वेळेत सभागृहाच्या टेबलावर असता तर कोणी तरी, एखाद्या विरोधी सदस्याने का होईना, विचारलं असतं की इतर स्थानकांची वायरिंग तपासली का. अपघात टळलाच असता असं मी म्हणत नाही. प्रश्न मात्र माणसं मरण्याआधी विचारला गेला असता.

कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. खासगी विधेयकाने तो बदलेल अशी आशा मी धरत नाही. तसं शेवटचं विधेयक मंजूर झालं ते १९७० मध्ये. पण रेल्वेच्या स्थायी समितीत दोन्ही सभागृहांचे, वेगवेगळ्या पक्षांचे ३१ सदस्य बसतात, आणि कागदपत्रं मागवण्याचा अधिकार समितीला लोकसभेच्या नियमांनीच दिला आहे. अनुदानाच्या मागण्या तपासायला ती बसेल तेव्हा लालखदानचा पूर्ण अहवाल, त्यातल्या प्रत्येक शिफारशीपुढे रेल्वे बोर्डाचा होकार किंवा नकार, आणि नकाराचं कारण, एवढं तिने मागवावं. छत्तीसगडच्या ११ लोकसभा खासदारांनी एकत्र सही करून तसं पत्र समितीच्या अध्यक्षांना द्यावं, पक्ष कोणताही असो. त्या लोकलने रोज त्यांचेच मतदार जातात.