बोलक्या कातळात शिशाचा शोध

खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर उघड्या कातळाशी मेटल डिटेक्टरची चकती नेली की यंत्र ओरडू लागते. आसपास खिळा नसतो, नाणे नसते, बाटलीचे झाकणही नसते. नवखा माणूस एक तर यंत्र बिघडले असे समजतो, नाही तर खाली काही तरी पुरलेले आहे म्हणून त्याचे डोळे चमकतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. यंत्र धडधाकट असते आणि खाली काहीही पुरलेले नसते. ओरडायला लावणारा तो कातळच असतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांतून सह्याद्री घडला. भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातल्या या थरांचे कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे तीन उपगट पाडले आहेत. लोणावळा उपगटातल्या दोन थरसमूहांपैकी एकाचे नाव खंडाळा, दुसऱ्याचे बुशे. म्हणजे पावसाळ्यात भजी खायला लोक जिथे गर्दी करतात, ती गावे जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत पोचली आहेत. या काळ्या पाषाणात, बेसाल्टमध्ये, टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे कण विखुरलेले असतात. चुनखडीच्या तुलनेत हा दगड शेकडो पटींनी अधिक चुंबकीय असतो. मेटल डिटेक्टरची सगळी पंचाईत इथूनच सुरू होते.

चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. वाटेत धातू असेल तर त्यात विजेचे भोवरी प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र परत येते आणि चकती ते टिपते. पण मॅग्नेटाइटचे कणही त्याच क्षेत्रात चुंबकित होतात आणि तेही उत्तर देतात. शिवाय ते उत्तर एका दाण्याचे नसते, चकतीखालच्या साऱ्या जमिनीचे असते. धातूच्या बारीक तुकड्याचा आवाज त्यात बुडून जातो. त्यातही सर्वांत त्रासदायक असतात ते अतिसूक्ष्म, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या मापाचे कण. ते क्षेत्राबरोबर लगेच वळत नाहीत, किंचित रेंगाळतात. धातूच्या उत्तरालाही असाच उशीर होत असतो. यंत्र नेमके तिथे फसते.

या यंत्राच्या इतिहासात जमिनीने सुरुवातीपासूनच लुडबूड केली आहे. गेऱ्हार्ड फिशर हा जर्मनीतून अमेरिकेत गेलेला अभियंता विमानांसाठी रेडिओ-दिशादर्शक बनवत होता. खनिजयुक्त खडकांजवळ रेडिओलहरी वाकतात, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्यातूनच त्याला धातुशोधकाची कल्पना सुचली. त्याला १९३७ साली पेटंट मिळाले. त्याच्याही आधी, १८८१ मध्ये, टेलिफोनकर्त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला असेच एक यंत्र लावले होते. ती गोळी सापडली नाही. गारफिल्ड ज्या बिछान्यावर होते त्यातल्या धातूच्या स्प्रिंगांनी गोंधळ घातला, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. यंत्राला जे हवे आहे ते आणि त्याभोवती जे आहे ते, या दोहोंतला फरक कसा ओळखावा, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत तोच आहे.

बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रे परदेशी शेतजमिनी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. इंग्लंडमध्ये खडूच्या आणि चिकणमातीच्या शांत जमिनींवर हा छंद फोफावला. तिथले आकडे, तिथल्या खोल्या आपल्याकडे जशाच्या तशा लागू होत नाहीत. शांत जमिनीत वीसेक सेंटिमीटरवर लागणारे नाणे बेसाल्टच्या मुरमात त्याच्या निम्म्या खोलीवरही निसटू शकते. मूळ भौतिकीही कठोर आहे. छोट्या वस्तूचा संकेत अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो, म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्ट पटींनी क्षीण होतो. चकती जमिनीपासून दोन बोटे उचलून चालवणारा माणूस आपल्या हाताने यंत्र आंधळे करत असतो.

मावळ हा तालुका या कामाची उत्तम शाळा आहे, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना थोड्या अंतरात जमीन अनेकदा बदलते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला देहूकडे त्याचा लहानसा हिस्साच पोचतो. पाऊस बदलला की खडकाचे कुजणे बदलते आणि मातीचे चुंबकत्वही बदलते.

घाटमाथ्याची तांबडी माती सर्वांत गोंगाटाची. लोहाची खनिजे तिथे मॅगेमाइटच्या रूपात वरच्या थरात साचलेली असतात. अशा जागी सेन्सिटिव्हिटी वाढवत नेणे हा अगदी साधा आणि अगदी हमखास होणारा घोटाळा आहे. उलट ती कमी करावी. मोठ्या चकतीऐवजी लहान चकती लावावी, म्हणजे तिच्याखाली एका वेळी कमी माती येते. ग्राउंड बॅलन्स करताना, म्हणजे मातीचे उत्तर यंत्राकडून वगळून घेताना, चकती धातू नसलेल्या जागी वर-खाली हलवत राहावी आणि मातीचे उत्तर मावळले की थांबावे. मातीचा रंग पालटला की हे पुन्हा करावे. एकाच शेतात बांधाच्या वर आणि बांधाखाली वेगळा बॅलन्स लागतो, हे मावळात रोजचे आहे.

त्याहून मजेशीर गोष्ट आहे राबाची. भात आणि नाचणीची रोपे टाकण्याआधी फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजण्याची मावळातली चाल जुनी आहे. शेतकरी ती तण मारण्यासाठी आणि राखेच्या खतासाठी करतो. पण सेंद्रिय पदार्थांसोबत माती तापली की तिच्यातल्या साध्या लोहखनिजांचे अधिक चुंबकीय खनिजांत रूपांतर होते. फ्रेंच शास्त्रज्ञ यूजीन ल बोर्न्य यांनी पृष्ठभागाच्या मातीचे हे वाढीव चुंबकत्व आणि त्यातला अग्नीचा वाटा १९५५ ते १९६० च्या दरम्यान मांडला. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राब भाजलेला तुकडा शेजारच्या तुकड्याहून वेगळा बोलला, तर बिचकू नये. तिथे चूल, भट्टी किंवा जळके घर असण्याचीही शक्यता असते. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तीसुद्धा माहितीच आहे. ती यंत्राच्या आवाजात न हरवता नकाशावर नोंदली पाहिजे.

भातखाचर मात्र उलट वागते. पावसाळाभर पाणी तुंबलेल्या चिखलात प्राणवायू उरत नाही, लोहाची चुंबकीय खनिजे विरघळतात आणि जमीन शांत होते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचा इंद्रायणी तांदूळ ज्या खाचरांत डोलतो, त्या खाचरांतच शिशाची गोळी सर्वांत सहज ऐकू येते. अडचण दुसरीच असते. चिखलणीत जड वस्तू खाली सरकतात आणि नांगराच्या तळाशी असलेल्या घट्ट थरापाशी अडकतात. म्हणून खाचरात थोडे खोल ऐकावे लागते. हंगाम कापणीनंतरचा, कार्तिक-मार्गशीर्षातला. माती ओलसर मऊ असते, धसकटे तोकडी असतात आणि चकती जमिनीला जवळजवळ घासून नेता येते. चैत्रात ढेकळे दगडासारखी होतात.

आणखी पूर्वेला काळ्या मातीचे पट्टे लागतात. ती फुगते, आकसते, भेगाळते, आणि भेगेतून पडलेली वस्तू आपल्या मूळ थरात राहत नाही. तिथे खोलीवरून काळ ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. मग विजेचा उपद्रव येतो. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत प्रकल्पापासून, म्हणजे १९१५ पासून, या परिसरातून उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत. त्यात रेल्वेच्या तारांची भर. त्यांच्याखाली यंत्र उगाच कुरकुरते. वारंवारिता बदलून पाहावी, नाही जमले तर तो पट्टा सोडून द्यावा.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारले तर उत्तर वडगावच्या शिवारात आहे.

नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीची फौज निघाली. बोरघाट चढून ती मावळात आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट ठार झाला. शत्रू असूनही मराठ्यांनी ज्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून लक्षात ठेवले, तोच हा. वडगावात त्याची समाधी आजही दाखवतात. फौज तळेगावला पोचली तर गाव जाळून ओस केलेले. दाणा नाही, चारा नाही. ११ जानेवारीच्या रात्री तिने माघार घेतली. जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवले. महादजी शिंद्यांच्या फौजेने तिला गाठले. पिछाडीला कॅप्टन हार्टलीच्या तुकडीने झुंज दिली, पण वडगावला सैन्य घेरले गेले आणि १६ जानेवारीला इंग्रजांना तह करावा लागला.

कागदांत लढाईची साखळी आहे. प्रत्यक्ष जमिनीवर हार्टलीची तुकडी कुठल्या ओढ्याला पाठ लावून उभी होती, मराठ्यांची पहिली धडक कुठून आली, हे कागद सांगत नाहीत. मेटल डिटेक्टर ते सांगू शकतो. कंपनीच्या बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची आणि तीसेक ग्रॅम वजनाची असे. मराठ्यांच्या तोडेदार बंदुकांच्या गोळ्यांची मापे तिच्याहून वेगळी आणि आपसांतही निरनिराळी असत. हातातून पडलेली गोळी गोल राहते, झाडलेली चपटी होते. म्हणजे गोल गोळ्यांची गर्दी जिथे असेल तिथे बंदूकधारी उभे होते, आणि चपट्यांची जिथे असेल तिथे त्यांचे लक्ष्य होते. हे निव्वळ तर्क नाहीत. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ साली वणव्याने गवत जळाले आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी तिथे मेटल डिटेक्टर घेऊन ओळीने चालणारी माणसे उतरवली. १८७६ च्या त्या लढाईत काडतुसांवरच्या खुणांवरून एकेक बंदूक कुठून कुठे गेली, हे त्यांना काढता आले.

वडगावला अशी पाहणी करायची तर शिस्त कडक हवी. आधी चाचणीचा वाफा करावा. त्याच शेतातल्या मातीत निरनिराळ्या खोल्यांवर शिशाच्या गोळ्या पुरून एक पावसाळा जाऊ द्यावा, म्हणजे यंत्र किती खोलवर खरे बोलते ते कळते. सुतळीच्या ओळी एक-दीड मीटरवर आखाव्यात. आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम चालावे, प्रत्येक फेऱ्यात चकतीचा पट्टा मागच्यावर चढावा. लोखंड वगळण्याची सोय मुळीच वापरू नये. घोड्याच्या नालांचे खिळे, तोफगोळ्यांचे तुकडे, अग्निबाणांच्या लोखंडी नळ्या हे सगळे लोखंडच. तांब्यापितळेचा गोड आवाज ऐकण्याच्या हौसेने लोखंड गाळणारा माणूस निम्मी लढाई फेकून देतो. आणि सापडलेल्या प्रत्येक वस्तूला झेंडी, क्रमांक, अक्षांश-रेखांश मिळेपर्यंत ती हलवू नये. जागेचे नाते तुटले की गोळी रद्दीच्या भावाची उरते. माझ्या मते पुरातत्त्वात मेटल डिटेक्टरची किंमत या नोंदीनेच ठरते.

हे बजावण्याची गरज आहे, कारण या यंत्राभोवती गुप्तधनाचा बाजार भरतो. लोहगड जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. सुरतेच्या लुटीची आणि नाना फडणवीसांच्या संपत्तीची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत, आणि अशा कहाण्या ऐकून रात्री कुदळ घेऊन चढणारे लोक असतात. लोहगड, विसापूर, कार्ले, भाजे, बेडसे ही केंद्राची संरक्षित स्मारके आहेत आणि तिथे परवानगीशिवाय खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी शेतातही १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली तर तिची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

दहा मीटर खोलीवरचे सोने दाखवणारी यंत्रे विकणाऱ्यांपासून तर चार हात दूरच राहावे. सहाव्या घाताचा हिशेब कोणत्याही दलालाने बदललेला नाही. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावर बेतलेली, आत कामाचे इलेक्ट्रॉनिक्स नसलेली दांडी बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला ब्रिटिश न्यायालयाने २०१३ मध्ये १० वर्षांची कैद दिली. त्या दांड्या हातात घेऊन बगदादच्या नाक्यांवर जवान उभे होते. जमिनीत सोने शोधणाऱ्या दांड्या त्याच जातीच्या आहेत.

वडगाव-तळेगावच्या शिवारात आता गोदामे, बंगले आणि रस्ते वाढत आहेत. मुरूम एकदा ट्रकने उचलला गेला की त्यातल्या गोळ्यांचा ठिकाणाशी असलेला संबंध कायमचा संपतो. डेक्कन कॉलेज आणि राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी, शेतकऱ्यांना सोबत घेऊन, या रणभूमीची पद्धतशीर पाहणी हाती घ्यावी. आणि नांगरणीत शिशाची गोळी, शिवराई किंवा लोखंडी नळी हाती लागणाऱ्या मावळातल्या वाचकाने ती घासूनपुसून चकचकीत करू नये. सापडली ती जागा आधी सर्व्हे नंबरासह लिहून ठेवावी, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि तहसील कचेरीत कळवावे.