दिवा लागतो, तबकडी फिरत नाही

हरवलेली वस्तू निदान शोधता येते. समोर असलेली वस्तूच जेव्हा ओळख देत नाही, तेव्हा शोधायचे काय, हेच उमगत नाही. मामांनी आमच्याकडे पाठवलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कचे असेच झाले होते. तीत आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आता नाही, आणि त्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रतही नाही. डिस्क जोडली की दिवा लागे. संगणक मात्र तिची दखल घेत नसे.

अशा वेळी पहिला संशय डिस्कवर जातो. पुष्कळदा तो अन्यायाचा असतो. अडीच इंची डिस्क आपली वीज यूएसबीच्या तारेतूनच घेते. यूएसबी २.० च्या पोर्टाची प्रमाणित मर्यादा ५०० मिलिअँपिअर. तबकडी फिरू लागताना कधीकधी याहून अधिक लागते. केबल लांब किंवा झिजलेली असली, की दिव्यापुरती वीज पोचते, तबकडीपुरती पोचत नाही. आम्ही आखूड केबल घेतली आणि डिस्क संगणकाच्या मागच्या पोर्टात थेट जोडली. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये ती दिसली, पण फाइल सिस्टिमच्या जागी 'रॉ' असा शेरा होता. पाठोपाठ विचारणा आली: फॉरमॅट करायची का?

प्रश्न मोठ्या सभ्यपणे विचारला जातो, आणि घात तिथेच होतो. 'रॉ' म्हणजे आत काही नाही असे नव्हे. मांडणी वाचता येत नाही, एवढेच. मोडी न येणाऱ्या वारसाला घरातले दप्तर असेच दिसते. म्हणून ते कागद कोरे समजून कुणी त्यांवर नवे लिहायला घेत नाही.

वाचणारे टोक तबकडीच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. आतून टकटक ऐकू आली असती, तर आम्ही वीज तोडून डिस्क जाणकाराच्या हाती दिली असती. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा तोडगा अनेकांनी सुचवला. दव धरण्याच्या भयाने तो आम्ही टाळला. आवाज स्वच्छ होता. मग लिनक्सवरच्या 'डीडीरेस्क्यू'ने संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसरीवर उतरवली. वाचता येईल ते आधी घ्यावे आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळावे, अशी त्याची रीत. एनटीएफएसमध्ये आरंभीच्या सेक्टरची एक प्रत विभागाच्या शेवटी ठेवलेली असते. तिच्या आधारे 'टेस्टडिस्क'ने त्या प्रतिमेवरची मांडणी सावरली.

ओव्या मिळाल्या. दोन ठिकाणी आवाज तुटतो, तेवढा भाग गेला.

आजीने ओवी कधी लिहून ठेवली नाही. जाते फिरू लागले की ती आठवे. जाते थांबले आणि ओवी तबकडीच्या फिरण्यावर विसंबली; आता तीन घरांत तिच्या प्रती आहेत. पण ती ज्याला पाठ आहे, असे माणूस तिन्ही घरांत एकही नाही. ही उणीव केबल बदलून भरून निघणारी नव्हे.