आईचं तिकीट

आज द्राक्षाऐवजी विमानाचा भाव. मुलगा लंडनला असतो. आम्ही चौघं सुट्टीला चाललोय. आई ७८ वर्षांची, गुडघे वाकत नाहीत. मुंबईहून नऊ-दहा तास पाय लोंबते ठेवून बसणं तिला जमणार नाही. पण चौघांना बिझनेस क्लास घेतला तर बागेचं उत्पन्न विमानातच जाईल. म्हणून हिशोब मांडला.

जायचं सप्टेंबरात. तिकडच्या शाळा उघडलेल्या, त्यामुळे गर्दी कमी, आणि ऑक्टोबर छाटणीला आपण परत.

चार तिकिटं एकदम शोधली आणि स्वस्तातल्या दोनच जागा उरल्या असतील, तर बऱ्याचदा चौघांनाही वरचा भाव लागतो. एकेक शोधून बघा.

काही कंपन्या अपग्रेडसाठी बोली घेतात. लिलाव आपल्याला नवा नाही, पण जागा मिळेलच याची खात्री नाही. आईसाठी तो नाद नको. सीट पूर्ण सपाट होते का, हेही आधी विचारा.

कर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसवर जीएसटी १८ टक्के, इकॉनॉमीवर ५. लंडनहून निघताना तिथला प्रवासी करही बिझनेसला दुपटीहून जास्त.

ठरलं असं: आई जाता-येता बिझनेसमध्ये, आम्ही तिघं मागं. व्हीलचेअर बुकिंगलाच सांगितली.

आई म्हणते, "मी एकटी पुढं बसून काय करू?"

म्हटलं, "रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला लई जागलीस. आता झोप."