मोहाच्या मुलखातील नाताळ

स्वयंपाकातील मद्य हा आपल्या समाजात सहसा वादाचा विषय होत नाही. केकसाठी बेदाणे महिना महिना रममध्ये मुरत ठेवावेत, सान्नांचे पीठ ताडीवर फुगवावे, हे आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकत आलो. परंतु आम्ही राहतो ते धानोरा गडचिरोली जिल्ह्यात, आणि येथे १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे नाताळ जवळ आला की आमच्या घरी प्रश्न उभा राहतो : केकमध्ये रम घालावी काय?

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. तेव्हा "एक बाटली आणण्यात कसली अडचण?" असे विचारणारे पाहुणे भेटतात. आमची अडचण निराळी आहे. येथील बंदी वरून लादलेली नव्हे. तिच्यासाठी गावोगावचे लोक झटले. त्या चळवळीत अग्रभागी असलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम आमच्याच तालुक्यात, चातगावजवळ आहे. नाताळचे ताट आमच्या घरून शेजारी जाते. त्या घरच्या बाईंच्या यजमानांनी मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे. ताट हाती घेताना त्या हळूच विचारतात, "यात काही नाही ना?" या प्रश्नाला निःशंक उत्तर देता आले पाहिजे.

"शिजताना दारू उडून जाते" हे उत्तर पुरेसे नाही. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो हे खरे. पण पाण्यात मिसळल्यावर तो सारा निघून जात नाही. अमेरिकेत झालेल्या मोजणीनुसार पाव तास शिजविल्यावर सुमारे ४० टक्के, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के मद्यार्क उरतो. भाजलेल्या केकवर वरून शिंपडलेली रम तर बहुतांशी तशीच राहते. एका तुकड्यात तिचे प्रमाण अल्प असेल. पण व्यसनातून सुटू पाहणाऱ्यास नुसता वासही पुरतो. सिरक्याची गोष्ट वेगळी. त्यात मद्यार्काचे आम्ल झालेले असते, म्हणून आमचे इंदियाल निर्धास्त शिजते.

रमची जागा येथे मोहाने घेतली. मोह म्हटले की दारू आठवते; पण मोहफूल हे आधी अन्न आहे. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखर असते. आतील केसर काढून, फुले धुऊन, उकडून भाकरीच्या पिठात मळतात. तीळ घालून लाडू वळतात. आम्ही ही उकडलेली फुले, खजूर आणि बेदाणे नागपुरी संत्र्याच्या रसात भिजवतो. मात्र एकच रात्र, कारण अधिक ठेवल्यास रस आंबू लागतो. रमवाचून केक फार दिवस टिकत नाही, म्हणून तो सणाच्या आदल्या दिवशीच भाजतो आणि लवकर वाटून टाकतो.

वेदीवरील द्राक्षरसाचा प्रश्न येथे नाही. तो ख्रिस्तसभेच्या नियमानुसार आवश्यक आहे, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीसाठी परवानगीची सोय ठेवली आहे. स्वयंपाकघरास मात्र असे कोणतेही बंधन नाही. रम घालणे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. वसईच्या भावंडांनी आपली बरणी खुशाल भरावी. परंतु आपल्या खाण्यापिण्याने भाऊ अडखळत असेल तर काय करावे, याचा विचार संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात केला आहे. धानोऱ्यात तो अध्याय आम्हांस दूरचा वाटत नाही. आमचा भाऊ भिंतीपलीकडेच राहतो, आणि केक त्याच्याही ताटात जायचा असतो.