बालाघाटातला १०२.९

अहिल्यानगरहून बीडला जाणारी डेमू सकाळी निघते आणि जेवणवेळेच्या सुमाराला बीडला पोचते. १९९५ साली मंजूर झालेल्या या मार्गावर बीडपर्यंत प्रवासी गाडी धावायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. दिवस मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा. तीस वर्षं ज्या गाडीची वाट पाहिली, तिच्यात बसायची हौस मला होतीच. शिवाय पिशवीत सेलवर चालणारा छोटा रेडिओ होता, आणि या जिल्ह्याचं स्वतःचं गाणं आज हवेवर कुठवर पोचतं, हे कानांनी ऐकायचं होतं.

कडा, आष्टी मागे पडेपर्यंत अहिल्यानगरचं केंद्र ऐकू येत होतं. मग खरखर वाढली. अमळनेर, विघनवाडी, रायमोहा या पट्ट्यात बालाघाटाच्या टेकड्या आडव्या येतात. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगर आड आला की आवाज तुटतो. मध्यम लहरींचं तसं नसतं, त्या जमिनीला धरून लांबवर जातात. म्हणूनच या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून परभणी केंद्राचं नाव येतं. रायमोह्याच्या पुढे काटा १०२.९ वर ठेवला आणि एकदम स्वच्छ आवाज लागला. आकाशवाणी बीड. ढोलकी, तुणतुणं, मागे कोरस.

शेजारच्या बाकावरचे एक बाप्पा (इकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात) म्हणाले, "वाढवा की जरा. ह्येच ऐकायलो आमी रानात." मी वाढवला. पुढे बीड येईपर्यंत आमच्या डब्यात तेच वाजत राहिलं.

रेडिओ मराठवाड्याला नवा नाही. १९४७ साली देशातल्या संस्थानांकडे जी मोजकी रेडिओ केंद्रं होती, त्यांत निजामाच्या राज्यातली हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन होती, आणि बीड याच राज्यातला जिल्हा. पण रेडिओ असणं वेगळं आणि त्यावर आपल्या बोलीतलं गाणं लागणं वेगळं. पहिल्यापेक्षा दुसऱ्याला फार जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते ते काम अजून अर्धंच झालंय.

बीडहून माजलगावची एसटी धरली. माजलगाव म्हटलं की बाहेरच्यांना सिंदफणेवरचं धरण आठवतं. मला आठवतं ते तिथलं भीमनगर. १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हॅं यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पातली मंडळी इथे आली, आणि इथल्या दलित बायांनी बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्धावर रचलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. राईरकर आणि पॉत्व्हॅं दोघेही आज नाहीत. पॉत्व्हॅं २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. त्यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे हा साठा 'परी'ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, इंटरनेटवर आणायला घेतला आणि २०१७ साली त्यांची माणसं पुन्हा माजलगावला येऊन गेली. ज्या बाईला शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही तिने पहाटे दळताना राज्यघटनेच्या शिल्पकारावर ओवी रचावी, यापेक्षा मोठी साहित्यघटना या तालुक्यात घडली असेल असं मला वाटत नाही.

माजलगावजवळच्या एका वाडीत एका आजींकडे उतरले. जातं ओसरीच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं. गिरणी आली तसं दळण सुटलं, आता हळद किंवा लग्नातलं मुहूर्ताचं दळण एवढंच. माझ्या आग्रहाखातर त्यांनी तळी मांडली, वरची पाळ बसवली, खुंटा ठोकून घट्ट केला आणि मूठभर ज्वारी घातली. गाणं लगेच आलं नाही. आधी दोन-तीन वेढे नुसतीच घरघर. मग जात्याचा वेग ठरला, आणि त्या वेगावर पहिली ओळ आली. ओळीच्या शेवटाला आवाज थोडा ओढलेला, तो नेमका खुंटा अंगाकडे येताना. म्हणजे चाल गळ्यात नसून हातात असते. जातं थांबवून तीच ओवी म्हणायला सांगितली तर आजी अडखळल्या. "हात थांबला की ध्यानात येईना, माय."

स्टुडिओतल्या लोकगीताला सुरुवात असते, कडवी असतात, ठरलेली मिनिटं असतात. ओवी दाणे संपले की संपते. रेडिओला हे पेलायचं असेल तर त्याला ओसरीवर यावं लागेल, घरघरीसकट ध्वनिमुद्रण करावं लागेल. ते अशक्य मुळीच नाही. अमेरिकेत नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या केंद्राने १९२५ साली शनिवार रात्रीचा एक कार्यक्रम सुरू केला, तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' झाला. केंद्र एका विमा कंपनीचं. गाणारी माणसं मात्र डोंगरातली, फिडल आणि बॅन्जो वाजवणारी, शहरी लोक ज्यांना गावंढळ म्हणून हसायचे ती. पुढे त्या डोंगराळ मुलखातले हजारो लोक डेट्रॉइट, शिकागोच्या कारखान्यांत गेले, आणि रात्री दूरवर पोचणाऱ्या मध्यम लहरींवर त्यांना गावाकडचं गाणं मिळत राहिलं. तेच कंट्री संगीत आज केनियातसुद्धा आवडीने ऐकलं जातं. गाव सोडायला लागलेल्या माणसाची ही भूक सगळीकडे सारखीच आहे.

आणि गाव सोडायला लागलेली माणसं बीडइतकी कुठे असतील? दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, इथल्या भाषेत एकेक 'कोयता', पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. वाड्या ओस पडतात, म्हातारी माणसं आणि कुलपं मागे राहतात. काही टोळ्या मात्र जिल्ह्यातल्याच कारखान्यांवर असतात. माजलगावहून धारूरच्या वाटेवर तेलगावला साखर कारखाना आहे. त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर भेटले. त्यांचे स्पीकर आधी ऐकू येतात, ट्रॅक्टर मागून दिसतो. एकावर भीमगीत, पुढच्यावर खंडोबाचं गाणं.

रस्त्याकडेच्या कोप्यांपाशी, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांपाशी, दिवस मावळता थांबले. एका कोपीपुढे चूल पेटलेली, भाकरी चाललेल्या. दारात बटणांचा मोबाइल, त्याला इअरफोनची वायर खोचलेली, पण बोंड कुणाच्याच कानात नाही. वायर कोपीच्या कामटीला वर गुंडाळून ठेवली होती आणि रेडिओ स्पीकरवर चालू होता. या फोनांत इअरफोनची वायरच एरियलचं काम करते, हे त्या घरातल्या आठवीतल्या पोराने मला समजावून सांगितलं. मोठ्या भावाच्या महागड्या फोनमध्ये रेडिओच नाही, ही त्याची तक्रार. खरी आहे ती. अनेक स्मार्टफोनमध्ये ही सोय बंद केलेली असते, म्हणून तर २०२३ साली केंद्र सरकारला मोबाइल कंपन्यांना एफएम चालू ठेवा म्हणून सांगावं लागलं. ॲपवर आकाशवाणी ऐकता येते, पण त्याला नेट लागतं, नेटला रिचार्ज लागतो, आणि उसाच्या फडात रेंज मिळेलच असं नाही. मोळी बांधताना हात रिकामे नसतात, डोळे पात्यावर ठेवावे लागतात. मोकळा राहतो तो कान. रेडिओ फुकट, हात न अडकवणारा, म्हणून तो इथे पुन्हा घर करतोय.

भाकरी थापणाऱ्या बाईला मी माजलगावच्या ओव्यांबद्दल सांगितलं, माझ्या फोनमधली एक ऐकवली. तिने तवा बाजूला केला. "ही तर आमच्या सासूची चाल." मग तिने दोन ओव्या म्हटल्या, परातीत पीठ मळता मळता. जात्यावरचं वळण हाताने परातीवर घेतलं.

"हे रेडिओवर घेतेत का, ताई?"

घेतात, मी म्हटलं. आकाशवाणीवर लोकसंगीताची स्वरचाचणी होते, अर्ज करावा लागतो, पास झालं की गाण्याचं मानधनही मिळतं. मानधन ऐकून नवरा चुलीजवळ सरकला. अर्ज कुठं मिळतो, बीडला किती वेळ लागतो, संग झेलकरीण लागते का, असे प्रश्न सुरू झाले. मी वहीचं पान फाडून केंद्राचं नाव आणि काय काय विचारायचं ते लिहून दिलं. ओळ झेलायला, म्हणजे मागून उचलून धरायला, जाऊ हवी, असं बाईचं म्हणणं पडलं. जाऊ कर्नाटकातल्या कारखान्यावर आहे, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की चैताच्या सुमाराला ती परतेल. मग दोघी मिळून बीडला जाणार, असं चुलीपुढेच ठरलं, आणि पोराने ते पान दप्तरात घातलं.