आणखी पुष्कळ शूर

भगवद्गीतेचा पहिला अध्याय वाचकांच्या फारसा आवडीचा नाही. पुढे अकरावा आहे, पंधरावा आहे, हे ठाऊक असल्यामुळे माणूस त्यातून घाईघाईने पार पडतो. मला मात्र तो वरचेवर वाचावासा वाटतो, आणि त्याचे कारण दुर्योधन आहे. युद्धास तोंड लागण्यापूर्वी तो द्रोणाचार्यांकडे जातो व दोन्ही सैन्यांतील वीरांची नावे त्यांना सांगतो. तिकडे भीम, अर्जुन, विराट, द्रुपद. इकडे भीष्म, कर्ण, कृप, अश्वत्थामा. मग एवढेच म्हणतो की, माझ्यासाठी जिवावर उदार झालेले आणखीही पुष्कळ शूर येथे आहेत. झाले! अकरा अक्षौहिणींचा हिशेब एका वाक्यात उरकला. थोड्याच वेळाने शंख वाजू लागतात. तेव्हा पांचजन्य, देवदत्त, पौंड्र, अनंतविजय अशी शंखांची नावे मात्र आपणांस ऐकावयास मिळतात. शंखांना नावे आहेत, शिपायांना नाहीत.

१९३२ साली आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी याच ग्रंथावर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यामुळे खानदेशात गीतेचा विषय निघाला की त्या तुरुंगाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. परंतु दुर्योधनाचे ते ‘आणखी पुष्कळ’ वाचताना माझे मन त्याच्याही मागे, १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाकडे जाते. त्या युद्धासाठी हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे समुद्रापार गेली, आणि त्यांतली ७० हजारांहून अधिक परत आली नाहीत.

इंग्रजी घेऊन पदवीधर झालेल्या माणसास खंदक म्हटला की फ्रान्स आणि फ्लँडर्स आठवतात. तो चिखल, ते उंदीर, ती काटेरी तार हे सारे विल्फ्रेड ओवेन प्रभृती तरुण कवींनी आपल्या डोळ्यांपुढे असे काही उभे केले आहे की, आपण स्वतःच तेथे एक हिवाळा काढून आलो असे वाटावे. मराठी शिपायाचा खंदक मात्र बव्हंशी तैग्रिस नदीच्या काठी, म्हणजे आजच्या इराकात होता. आणि त्याच्याजवळ कवी नव्हता.

१९१५ च्या नोव्हेंबरात बगदाद अगदी हाताशी आले असता जनरल टाउनशेंडच्या सैन्याला टेसिफोन येथे अतोनात हानी सोसून मागे फिरावे लागले. हे सैन्य म्हणजे पुण्याची सहावी डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. नदीच्या एका वळणात कुत नावाचे गाव आहे. तेथे हे सैन्य ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढले गेले. नदीने तीन बाजू घेरलेल्या. चौथ्या बाजूस शिपायांनी खंदक खणले आणि ते त्यांत उतरले. २४ डिसेंबरला तुर्कांनी टोकावरच्या किल्ल्याची भिंत तोफांनी फोडून आत मुसंडी मारली. ती परतविणाऱ्यांत १०३ वी मराठा पलटण होती. जानेवारीत नदीला पूर आला व पुढच्या खंदकांत पाणी शिरले. त्यानंतर मोठी लढाई अशी झाली नाही. उरले ते बसून राहणे.

हे बसून राहणेच मला विलक्षण वाटते. शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उसळी येते: उपसलेली तलवार, हरहर महादेवची गर्जना, पावनखिंड. ते शौर्य खरेच आहे. पण ते घटकेचे असते, आणि त्याला पाहणारे कोणी असते. कुतच्या शिपायाला एकशे सत्तेचाळीस दिवस काहीही न करता ठाम राहावयाचे होते. धान्य आटत चालले. दळण्यासाठी विमानातून जात्याच्या तळी टाकल्या गेल्या. अन्नही विमानातून पडले, पण ते इतक्या माणसांना पुरणार किती! अखेरीस माणशी रोजचे पीठ चार औंसांवर, म्हणजे जेमतेम दहा तोळ्यांवर आले. घोडे व खेचरे मारून खाण्याची वेळ आली, तेव्हा पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. धर्मगुरूंची अनुज्ञा हिंदुस्थानातून मागवावी लागली. तरी कितीएकांचे समाधान झाले नाही. अनुज्ञा मिळाली, पण गावी परत गेल्यावर पंगतीला कोण बसू देईल, ही धास्ती त्यांना होती. कित्येकांनी ते मांस घेतले ते पुढे एप्रिलात, शरीरे पार खंगल्यावर. आज आपणांस हा हट्ट वेडेपणाचा वाटेल. मला त्यात दुसरेच काही दिसते. गोळ्यांच्या टप्प्यात, भुकेने अर्धमेला झालेला तो माणूस अजून आपल्या गावाचा रहिवासी होता. आपण परत जाणार, हे त्याने गृहीत धरले होते.

२९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. त्यांना सोडविण्यासाठी येऊ पाहणाऱ्या सैन्याची सुमारे २३ हजार माणसे तोवर मेली वा जखमी झाली होती. सुमारे १३ हजार माणसे कैदी झाली. त्यांना वाळवंटातून चालवीत नेले, आणि त्यांतली चार हजारांहून अधिक कैदेतच मेली.

खानदेश हा काही तेव्हाच्या सैन्यभरतीचा मुख्य प्रांत नव्हे. मराठा पलटणींत भरणा असे तो सातारा-रत्नागिरीकडचा. तरी या युद्धाची नाणी आमच्याकडच्या घरांतही सापडतात. काही वर्षांपूर्वी जळगावास वर्गात ओवेनची कविता चालू असता तापीकाठच्या एका खेड्यातला विद्यार्थी तास संपल्यावर मजजवळ आला. “सर, आमच्या घराला गावात बसरावाले म्हणतात,” तो म्हणाला. त्याची आजी सांगे की तिचा आजेसासरा ‘बसराले जायेल व्हता’ आणि परत आला नाही. यापलीकडे कोणास काही ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याने फडक्यात बांधून रुप्याचे एक पदक आणले. ते त्यांच्या देव्हाऱ्यात टाकांबरोबर पूजेस असे. पदकावर घोडेस्वार कोरलेला आहे. घरातल्यांनी त्याला खंडोबा मानले होते, आणि तीन पिढ्या त्याला भंडारा वाहिला होता. त्या पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे असतात, हे मला वाचून ठाऊक होते. आम्ही ती भिंगाखाली धरली. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. मुलाने आपल्या खापरपणजोबांचे नाव अडखळत वाचले व पुन्हा एकदा वाचले. ज्या घरात तो पुरुष ‘बसरावाला’ म्हणूनच उरला होता, त्या घरात त्याचे नाव देवाच्या कडेवर रोज पुजले जात होते.

ती चिमुकली कड मला फार मोठी वाटते, कारण दगडावर हे भाग्य त्या शिपायांना लाभले नाही. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. दोन वर्षांनी बसऱ्याचे स्मारक उभे राहिले. ज्यांना थडगे मिळाले नाही अशा ४० हजारांहून अधिक मृतांसाठी ते आहे. त्यावर गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अंमलदारांचीही आहेत. पण साध्या हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीखाली नुसता आकडा आहे: आणि इतर इतके इतके. दुर्योधनाचे ते वाक्य बसऱ्याच्या दगडावर असे पुन्हा उमटले. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून या भेदाबद्दल जाहीर क्षमा मागितली. क्षमा शंभर वर्षांनी आली, तरी ती आली हे चांगलेच झाले.

यावर कोणी म्हणेल की, ही माणसे परक्या सरकारची चाकर होती, पगारासाठी लढली, त्यांचे ऋण आपल्यावर कसले? आक्षेप खोटा नाही. ते युद्ध आपले नव्हते, आणि तुर्काशी मराठ्याचे काही वैरही नव्हते. परंतु युद्ध कोणाचे, हा प्रश्न युद्ध पुकारणाऱ्यांस विचारावयाचा असतो. खंदकात उतरलेल्या माणसापुढे त्याहून लहान व त्याहून कठीण प्रश्न असतो: शेजारचा पडला आहे, त्याला सोडून जावयाचे की नाही? दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतील सेनिओ नदीवर याचे उत्तर नामदेव जाधव या शिपायाने दिले. हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. नदीच्या बांधात शत्रू खोल दडून बसला होता. जाधवांचा कंपनी कमांडर व आणखी एक सैनिक जखमी होऊन पडले. जाधवांनी खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या चढावरून, गोळ्यांच्या माऱ्यात एकाला उचलून नेले. परत येऊन दुसऱ्याला नेले. मशीनगनींची ठाणी त्यांनी बंद पाडली ती त्यानंतर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नाव राहिले. पण जखमी सोबत्याला उचलताना त्यांच्या मनात कोणाचे साम्राज्य होते, असे विचारणे मला असभ्यपणाचे वाटते. राज्य परक्याचे होते. तो सोबती परका नव्हता, आणि ते धैर्य तर स्वतःच्या मालकीचे होते.

धुळ्यास इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ चालत आले आहे. वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास निघालेले कागददेखील इतिहास आहेत, ही दृष्टी राजवाड्यांनी महाराष्ट्रास दिली. सरदारांच्या दप्तरांस जी आस्था आपण दाखविली ती शिपायाच्या ट्रंकेसही दाखवावी, एवढेच माझे मागणे आहे. एखादे पेन्शनचे पुस्तक, एखादे पोस्टकार्ड, बांगडीसाठी मोडीत जाण्यातून वाचलेले एखादे पदक. ते नाहीसे होण्यापूर्वी त्यावरचे नाव वाचून वहीत उतरून ठेवावे, आणि घरातल्या मुलांना ते मोठ्याने वाचावयास सांगावे. आकड्यातून एक माणूस वजा झाला, तरी ‘आणखी पुष्कळां’तला एक शूर त्या दिवशी घरी परत आला असे होईल.